बंद पडली ना गा!

बाटली उघडायच्या आधी दाजी पंखा बंद करतात. मग खिडकी. मग टीव्ही. मग ताईला बंद करायला जातात, पण ती काही बंद होत नाही. "अंगठ्याएवढी बाटली आणि थाट सत्यनारायणाचा," असं ती स्वयंपाकघरातून बरोबर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते. दाजी डोळे मिटून एक हात वर करतात. वर्गात गलका झाला की ते असाच हात वर करायचे. तेव्हाही कोणी गप्प बसत नसे.

हे सगळं चालतं तामसीत. गावाचं नावच तामसी, मग तिथं सात्त्विक काय चालणार, हा विनोद दाजींनी माझ्यासमोर निदान दोनशे वेळा केला असेल. गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं. उत्तरेला पैनगंगा, नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. इकडे तेलंगणा. पाट्या तेलुगूत, भांडणं मराठीत आणि तडजोड हिंदीत, असा कारभार. मी नांदेडहून किनवटमार्गे गाडीनं आदिलाबादला उतरतो आणि तिथून मिळेल ते वाहन धरून ताईकडे जातो. ताईसाठी पिशवीत काय आणलंय हे दाजी कधी विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "तिकडं काय बंद पडलं?"

दाजी निवृत्त मुख्याध्यापक. "ते बंद पडलं ना गा!" हे त्यांचं लाडकं वाक्य. नव्या माणसाला वाटतं, बिचारे हळहळताहेत. चार दिवस राहिलं की कळतं, ही हळहळ नाही. मुलीला चांगलं स्थळ मिळाल्याचं सांगताना बापाचा जो स्वर लागतो, तो हा. आदिलाबादहून मुदखेडला जाणारी मीटरगेजची गाडी? बंद पडली ना गा! तशी गाडी पुन्हा होणे नाही. आता त्याच मार्गावर ब्रॉडगेज धावते, वेळेवरही बऱ्यापैकी असते, पण तिच्याबद्दल दाजींना काडीचं कौतुक नाही. आदिलाबादचा सिमेंटचा कारखाना चालू होता तेव्हा त्याच्या धुळीला शिव्या घालणारे दाजीच. तो बंद पडला आणि त्या धुळीत काय गुण होता ते त्यांना आठवायला लागलं. मनगटावर एचएमटीचं चावीचं घड्याळ, कारण एचएमटी गेली. अंगणात येझदी, कारण म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली गेला. येझदी चालत नाही, पण तिनं चालावं अशी दाजींची अपेक्षाही नाही. चालू माणूस आणि चालू कारखाना, दोघांपासून चार हात लांब राहावं, हे त्यांचं धोरण.

देशातली तारसेवा १४ जुलै २०१३ ला शेवटची चालली. त्या दिवशी दाजी नेमके एका लग्नासाठी हैदराबादला होते. जेवणाची पंगत सोडून ते तार ऑफिसच्या रांगेत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर तार केली: "सुखरूप आहे." ती तामसीला पोचली तेव्हा दाजी परत आलेले होते आणि तार बंद झालेली होती. म्हणजे दाजींच्या हिशेबानं तार पिकून तयार झाली होती. फ्रेम करून ती भिंतीला लावली आहे. पाहुणे वाचतात आणि कोण सुखरूप आहे ते विचारतात.

तर अशा माणसाच्या हाती व्हिस्की पडली.

दाजींचा पुतण्या ग्लासगोला नोकरीला आहे. तिकडे त्याच्यासारख्या हौशी लोकांनी भिशीसारखा प्रकार काढलाय. सगळ्यांनी वर्गणी काढायची, एक दुर्मीळ बाटली घ्यायची आणि तीस-तीस मिलिलिटरच्या कुप्यांमध्ये वाटून घ्यायची. एकट्यानं अख्खी बाटली घ्यायची म्हटलं तर तेवढ्या पैशात तामसीत बैलजोडी येते. पुतण्या सुट्टीवर आला तेव्हा त्यानं काकांसाठी अशी एक कुपी आणली. मी तेव्हा तिथंच होतो. दाजींनी ती खोकल्याचं औषध धरावं तशी उजेडाकडे धरली.

"कुठली ही?"

"आयला."

"काय?"

"आयला, काका. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बेट आहे, त्याचं नाव आयला."

ताईला वाटलं काका-पुतण्याची जुंपली. ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

मग पुतण्यानं सगळं समजावून सांगितलं. सातू भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मोड आले की भट्टीच्या उष्णतेवर वाळवायचे, दळून गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवून घ्यायची, ती आंबवायची आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांत दोनदा उकळून तिची वाफ धरायची. मोड आलेल्या सातूंची म्हणून माल्ट, आणि एकाच कारखान्यातली म्हणून सिंगल. "म्हणजे मटकीच्या उसळीसारखंच सुरू होतं," ताई म्हणाली. पुतण्या म्हणाला, "अगदी." ताई म्हणाली, "मग उसळच का नाही केली?" आणि आत गेली. त्या बेटावर झाडं थोडी, त्यामुळे दलदलीत हजारो वर्षं कुजून घट्ट झालेलं गवत-शेवाळ खणून, विटा पाडून, वाळवून जाळतात. त्याला पीट म्हणतात. त्याच्या धुरावर सातू वाळवले की दारूला धूर लागतो. पुढं ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं, चांगली असेल तर वीस-तीस वर्षं ठेवायची.

दाजी शिष्टाचारापुरते ऐकत होते. मग पुतण्या सहज म्हणाला, "ही मिळत नाही आता. पोर्ट एलन. १८२५ ची भट्टी. १९८३ साली बंद पडली."

दाजींनी कुपी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कुपी दोन्ही हातांनी उचलली.

"बंद पडली?" ते हळूच म्हणाले. "कायमची?"

प्रेम कसं बसतं हे मी त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या खेपेला पुतण्यानं ब्रोरा आणली. तीही १९८३ सालीच बंद पडलेली, मात्र बेटावरची नाही, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडची. त्याच्या पुढच्या खेपेला रोझबँक आली. ही फॉल्कर्कची, तीनदा उकळलेली, १९९३ साली बंद पडलेली. तीन कुप्या. तीस त्रिक नव्वद. म्हणजे लोक टपरीमागं उभ्या उभ्या घेतात ती एक नाइन्टी. एवढ्या भांडवलावर दाजींनी पंचक्रोशीत जाणकारी उभी केली. आणि त्या नव्वदमधलंही त्यांच्या पोटात किती गेलं हा प्रश्नच आहे, कारण दाजी एकटे कधी पीत नाहीत. मला, शेजारच्या दुकानदाराला, शेत बटईनं करणाऱ्या मामांना, सगळ्यांना टोपण-टोपण मिळतं. रोजच्या वापराचं काय ते शनिवारी गावच्या वाइन्समधून येतं. तेलंगणात दारूच्या दुकानाला वाइन्स म्हणतात आणि तिथं वाइन सोडून सगळं मिळतं. ते दाजी स्टीलच्या पेल्यात, फरसाणाबरोबर, क्रिकेट बघत पितात. त्याला ते 'दारू' म्हणतात. कुपीतलीला 'ती' म्हणतात.

ग्लास नाकाकडे निमुळता हवा, म्हणजे वास एकवटतो, असं पुतण्यानं सांगून ठेवलेलं. घरात निमुळतं असं काय सापडलं, तर काचेची एक लहान बरणी. पहिल्या चाखणीच्या वेळी दाजींनी त्या बरणीत नाक घालून पंधरा मिनिटं काढली. मी घोट मागितला तर म्हणाले, "थांब गा. तिला आधी बोलू दे." ती बोलली असावी, कारण दाजी मान डोलावत होते. मग लहान मुलांच्या औषधाच्या ड्रॉपरनं विहिरीच्या पाण्याचा एक थेंब. एकच. दुसरा पडला तर दाजी ड्रॉपरकडे अशा नजरेनं बघतात, की ड्रॉपरनं पुन्हा तसं करू नये.

आणि मग हजेरीपट.

ही खास दाजींची गोष्ट. त्यांची शाळा मराठी माध्यमाची होती. पट घटत घटत गेला, आणि ते निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच वर्षी शाळेला कुलूप लागलं. दाजींनी तिथून दोन वस्तू घरी आणल्या. एक, घंटा. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, अर्थातच मीटरगेजचा. तो अंगणातल्या लिंबाला टांगलाय, आणि जेवायची वेळ झाली की ताई त्याच्यावर उलथनं हाणते. दुसरी वस्तू, कोरा राहिलेला हजेरीपट. त्यात दाजी चवीची नोंद ठेवतात. डावीकडे नावांच्या रकान्यात वास आणि चवी, पुढं हजेरी. मी पोर्ट एलनचं पान वाचलंय:

धूर: हजर. मीठ: हजर. समुद्र: हजर. मध: उशिरा आला. व्हॅनिला: गैरहजर. आयोडिन: हजर. ओली घोंगडी: हजर. मोहरी: हजर. हिंग: हजर.

समुद्र दाजींनी आयुष्यात एकदा पाहिलाय, सहलीच्या मुलांना मोजता मोजता. तरी तो हजर. पण मोहरी आणि हिंग पाहून पुतण्या चक्रावला. पोर्ट एलनमध्ये हिंग आजवर कोणी नोंदवला नव्हता. दाजी ठाम होते. आठ-दहा दिवस ग्लासगो-तामसी फोनवर चर्चा झाली. शेवटी ताईनं भांडी घासता घासता निकाल दिला: ती बरणी लोणच्याची होती. दाजींनी नोंद खोडली नाही. हजेरी एकदा लागली की लागली.

आयोडिनवर मात्र कोणी हरकत घेऊ शकत नाही. त्या बेटावरच्या धुरकट व्हिस्कीला दवाखान्याचा वास येतो हे जगभरचे पिणारे मान्य करतात. ताईनं टोपणभर हुंगून "खरचटल्यावर लावायचं आहे हे" म्हटलं, तेव्हा दाजींनी तिच्याकडे पहिल्यांदाच बरोबरीच्या नात्यानं पाहिलं.

मामांची गोष्ट जानेवारीतली. आदिलाबादची थंडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी तेलंगणा उष्ण आहे असं खुशाल म्हणावं. अंगणात पऱ्हाटीची शेकोटी पेटलेली. कापूस वेचून झाला होता, उपटलेल्या काड्यांचा ढीग कुंपणाशी पडलेला. मामा गोंड, दाजींपेक्षा वयानं मोठे, मोहाच्या दारूतला त्यांचा शब्द चार गुड्यांत शेवटचा. मोहाची फुलं पहाटे गळतात, चैत्राच्या सुमाराला. ती उन्हं चढायच्या आत वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची, मडक्यावर मडकं चढवून चुलीवर ठेवायची आणि वरचं गार पाणी तापलं की बदलत राहायचं. हे सगळं मामांना आजोबांपासून माहीत. दाजींनी ब्रोराचं टोपण त्यांच्या हातात दिलं तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

मामांनी हुंगलं. जिभेवर ठेवलं. शेकोटीकडे पाहिलं.

"जळकं हाय," ते म्हणाले. "मडकं लागलं होतं का खाली?"

"मुद्दाम धूर लावतात मामा."

"असन." पुन्हा एक थेंब. "लाकडाचा वास हाय. फुलाचा काऊन नाही?"

"फूल नसतं यात. जव असतात."

"मंग जवाचा कुठं हाय?"

दाजींनी हजेरीपट उघडून पाहिला. जव खरंच गैरहजर होते. वीस-तीस वर्षं लाकडाच्या पिंपात ठेवल्यावर सातूला स्वतःचं म्हणून काय उरत असेल, हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता.

मग दाजींनी विषय धारेवर नेला. तिकडं पहिली धार बाटलीत जात नाही, शेवटचीही नाही, फक्त मधली घेतात. मामांना हे पटेना. पहिल्या धारेची हा शब्दच मुळी मान देण्यासाठी निघालेला.

"पयली धार पेते कोन मंग?"

"कोणी नाही. परत भांड्यात ओततात."

मामांनी बराच वेळ शेकोटी उकरली. "सायब पेत असन," ते शेवटी म्हणाले. "कोनाले सांगते तो."

दाजींकडे अजून एक हुकमी गोष्ट शिल्लक होती, ती त्यांनी काढली. पिंपात ठेवलेली व्हिस्की दरवर्षी दोन टक्के उडून जाते. स्कॉटलंडात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडच्या उन्हात तर विचारू नका. २००४ साली 'अमृत' ही बंगळूरची सिंगल माल्ट थेट ग्लासगोला जाऊन विक्रीला उभी राहिली, पण बंगळूरच्या हवेत त्यांचं वर्षाला दहा टक्क्यांच्या वर उडतं, म्हणून तिथं व्हिस्की लवकर पिकते आणि लवकर संपतेही. तामसीत मे महिन्यात पिंप ठेवलं तर देवदूत तर्र होऊन लिंबावरून खाली पडतील, असं दाजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

मामा हसले नाहीत. "आमी देवाले पयले हातानं देतो," ते म्हणाले. "त्यायच्या देवाले चोरून घ्या लागते."

दाजींनी त्या दिवसापासून देवदूतांची गोष्ट सांगणं बंद केलं. बंद केल्यामुळे ती आता त्यांना फार आवडते.

दारूची इतकी कौतुकं करणारा हा माणूस दारूबंदीबद्दलही हळवा आहे, हे मात्र ऐकून घ्यायला हवं. १९९३ साली तेव्हाच्या आंध्रात सारा, म्हणजे देशी दारू, बंद झाली. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायांनी पेटवलेलं ते आंदोलन. मग १६ जानेवारी १९९५ पासून सगळीच बंद. तेव्हा तामसीकडची मंडळी पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात जायची. उन्हाळ्यात पायी, पावसाळ्यात देवाच्या भरवशावर. दाजी शपथेवर सांगतात की ते फक्त सोबत म्हणून जायचे. १९९७ साली ती बंदी उठली. उठल्याबरोबर दाजींना तिची गोडी कळली. "ती दारूबंदी काय दारूबंदी होती! माणसाला पाय होते, दारूला किंमत होती." पुढं २०१५ साली उलटं झालं. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली आणि तहानलेले लोक तिकडून इकडे येऊ लागले. २०२१ साली तीही उठली. दाजींनी तिचीही आठवण काढायला सुरुवात केली आहे. बंद पडलेली बंदी, म्हणजे दुहेरी माल.

एकदा ताईनं सरळ विचारलं, "एवढी अमृतासारखी होती, तर बंद का पडली?"

प्रश्न साधा आणि उत्तर जरा ओशाळं करणारं. सत्तरच्या दशकात धडाक्यानं व्हिस्की काढून ठेवली, पुढं खप आटला, गोदामं तुडुंब भरली. डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडनं १९८३ साली एकामागून एक भट्ट्यांना टाळं लावलं, त्यात पोर्ट एलन आणि ब्रोरा गेल्या. चालू असताना पोर्ट एलनला तिच्या नावानं ओळखणारे मूठभर. तिची बहुतेक सगळी दारू दुसऱ्या व्हिस्कींत मिसळायला जायची, भाजीत मीठ जातं तशी. बंद पडून पिंपं मागं राहिली, ती पिकली, कमी कमी होत गेली, आणि मग जगाला साक्षात्कार झाला. रोझबँकचं तर आणखी विचित्र. रिकाम्या पडलेल्या कारखान्यातून २००८-०९ च्या नाताळाच्या सुमाराला चोरांनी तांब्याची भांडीच पळवली.

"तांब्याला भाव आहे," ताई म्हणाली. मग भाजी निवडता निवडता: "म्हणजे चालू होती तेव्हा कोणी विचारलं नाही."

"नाही विचारलं."

"तुमच्या शाळेसारखं."

दाजी काही बोलले नाहीत. शाळा चालू असताना त्यांनी रोज संध्याकाळी घरी येऊन खिचडीचे हिशेब, गळकं छप्पर, तेलुगूतून येणारे आदेश आणि मधल्या सुट्टीत पळून जाणारी पोरं यांच्या नावानं बोटं मोडलेली ताईनं ऐकलीत. निवृत्तीला किती दिवस उरले ते कॅलेंडरवर फुल्या मारून मोजलेलं तिनं पाहिलंय. आता त्याच छपराखाली, दाजी सांगतात, पावसाचा आवाज असा यायचा की शिकवणं थांबवून ऐकत बसावं.

खरा घाव पुढं बसला.

मे २०२१ मध्ये पुतण्याचा फोन आला. आवाजात आनंद. "काका, ब्रोरा पुन्हा सुरू झाली! अडतीस वर्षांनी!" दाजी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. जानेवारी २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आली. दाजींनी अंगणातल्या गाडीवर पोतं टाकलं. गावातल्या एका पोरानं नवी कोरी येझदी घेतली आणि कौतुकानं दाखवायला आणली, तर दाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "सुरू होते?" पोरगा म्हणाला, "एका बटनात." दाजी म्हणाले, "तेच तर." २०२३ मध्ये रोझबँकनं नव्या भांड्यांतून पुन्हा धार काढली. आणि मार्च २०२४ मध्ये पोर्ट एलन. सगळी तीसची तीस मिलिलिटरं, तिन्ही कुप्या, अख्खी नव्वद. ज्यांच्या मरणावर दाजींनी म्हातारपण उभं केलं होतं, त्या तिघी ठणठणीत उठून बसल्या.

मी त्या एप्रिलात गेलो होतो. दाजी ओट्यावर बसले होते, एचएमटीला चावी देत. "मिळंल आता कोणालाही," म्हणाले. प्रत्यक्षात कोणालाही मिळणार नाही. आज पिंपात भरली ती जुन्या कुपीसारखी पिकायला आणखी वीस-तीस वर्षं जायची, आणि तोवर दाजी आणि मी दोघंही बंद पडलेलो असू. हे मी बोललो नाही. पण हजेरीपट मागून घेतला आणि पाहिलं. तिन्ही पानांवर, वर कोपऱ्यात, तांबड्या शाईनं एकेक शेरा पडला होता: 'नाव कमी केले.' शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या नावापुढे लिहितात तसा.

पुतण्या गुणाचा. गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानं नवी कुपी आणली. लिटलमिल. १९९४ साली थांबलेली. दाजींनी हात पुढं केला नाही.

"ही पण उठंल कधी तरी."

"नाही काका. यंत्रं काढून नेली. २००४ साली उरलेल्या इमारतीला आग लागली. सगळं जळालं. त्या जागेवर आता भट्टीचं काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

दाजींनी उठून पंखा बंद केला. खिडकी बंद केली. टीव्ही बंद केला. बरणी आता गरम पाण्यानं तीनदा धुतलेली असते. हजेरीपटाचं कोरं पान निघालं. आतून ताई म्हणाली, "जळून गेल्याचा एवढा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही बाई." दाजींनी हात वर केला.

तामसीला कधी जाणं झालं तर दाजींकडे जरूर जा, चहा उत्तम मिळतो. सोबत बाटली नेणार असाल तर कारखाना कुठला, दारू किती वर्षांची, किंमत काय, असलं काही सांगत बसू नका. तो बंद आहे एवढं सांगा. आणि चालू असेल, तर कृपा करून सांगू नका.